आजोबांच्या ट्रंकेतलं युद्धकाळातलं पिस्तूल : परवाना कसा करायचा, कागदं कोणती लागतात

आजोबा पलटणीत होते. ते गेल्यावर माळ्यावरची लोखंडी ट्रंक उघडली, तर लोकरी कोटाखाली चामडी होल्स्टरसकट रिव्हॉल्व्हर. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या जुन्या फौजी घरांत हे घडतं. अशा वेळी ते भाऊबंदांना दाखवत बसू नका, गोळ्या आहेत का हेही स्वतः चाचपू नका. परवानाधारक वारला की त्याचं शस्त्र तसंच घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 नुसार ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. आधी ठाण्यात फोन करून मगच हलवा.

जमा पावती नीट वाचून घ्या. आमच्या पावतीवर नुसतं 'एक जुने रिव्हॉल्व्हर' एवढंच लिहिलं गेलं होतं. पुढे जुन्या परवान्यावरच्या नंबराशी ते जुळवता जुळवता तीन फेऱ्या झाल्या. बनवणारी कंपनी, बोअर (म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि शस्त्रावर कोरलेला नंबर, तिन्ही पावतीवर हवेतच. नंबर गंजला असेल तर घासू नका; ओळखखूण पुसणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता बोअर. बहुतेकांची गाडी इथेच अडते. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क 6 हे .455 चं, जर्मन लष्कराचं ल्यूगर पी-08 हे 9 मिमीचं. दोन्ही प्रतिबंधित बोअरमध्ये येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो. .32 सारख्या अप्रतिबंधित बोअरसाठी आपल्या तिन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी हेच परवाना प्राधिकारी.

अर्जदाराचं वय किमान 21. वारस म्हणून अर्ज मूळ धारकाच्या मृत्यूनंतर करता येतो. धारक हयात असेल, तर त्याच्या वयाची 70 वर्षं किंवा शस्त्र बाळगून 25 वर्षं, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो वारसाच्या नावे करून देऊ शकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यातच मोजतात.

कागदं : ए-1 नमुन्यातला अर्ज, फोटो, ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, डॉक्टरांचा शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती, बाकी वारसांची ना-हरकत. बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवा, कारण सासरी गेलेल्या बहिणीचं नाव हमखास राहून जातं. यानंतर पोलीस पडताळणी होते. अर्ज नाकारला, तर कारणं लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि कलम 18 खाली अपील आहे.

जुना परवानाच सापडत नसेल तर? गप्प बसणं सगळ्यात वाईट. विनापरवाना साध्या शस्त्राला 2 ते 5 वर्षं, प्रतिबंधित शस्त्राला 7 ते 14 वर्षं कैद आहे. स्वतःहून जमा करा, सोबत लेखी निवेदन द्या, वकिलाला विचारा.

'क्युरिओ' (संग्रहात ठेवण्याजोगी जुनी, दुर्मिळ वस्तू) गटातली छोटी शस्त्रं नुसती बाळगायला परवाना लागत नाही, अशी सवलत 2020 मध्ये आली. वापरायला किंवा कुठे न्यायला मात्र लागतो. पण आपली वस्तू त्या गटात बसते हे आपणच ठरवायचं नाही, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. गंजून अडकलंय म्हणूनही सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही, अशी अवस्था असावी लागते.

होल्स्टरला परवाना लागत नाही. ठाण्यात पिस्तूल देताना होल्स्टर घरीच ठेवा, नाहीतर मुद्देमालाच्या खोलीत दोघांची ताटातूट होते आणि जोडीचा इतिहास कायमचा जातो. ल्यूगरच्या होल्स्टरमध्ये झाकणाच्या आत छोट्या हत्याराचा कप्पा असतो, बाजूला जादा मॅगझिनचा (गोळ्या भरायच्या डबीचा), आणि मागे कारागिराचं नाव व साल ठोकलेलं. ब्रिटिश मालावर सरकारी मालकीची बाणाची खूण शोधा. हे सगळं वहीत टिपून ठेवा. 100 वर्षांपुढची वस्तू पुरावशेष (कायद्याने संरक्षित जुनी वस्तू) ठरू शकते, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर पाठवू नका.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात चामडं तडकतं, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा. परवाना होऊन पिस्तूल घरी आलं तरी त्याला होल्स्टरमध्ये ठेवू नका : चामडं ओल धरून ठेवतं, लोखंड आतून गंजतं आणि पितळी बटणाभोवती हिरवा थर चढतो.