उसने नायक: प्रख्यात पात्रांच्या सरमिसळीतून घडलेल्या साहसकादंबऱ्यांची पार्श्वभूमी

सोलापूरचा भुईकोट किल्ला सोळाव्या शतकात दोनदा आंदणाच्या बोलीत आला. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर द्यायचे ठरले, पण तो प्रत्यक्षात दिला गेला नाही आणि त्या राहिलेल्या आंदणापायी दोन्ही शाह्या वर्षानुवर्षे एकमेकींशी लढत राहिल्या. पुढे १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईआधी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, त्या वेळी मात्र किल्ला खरोखरच आंदण म्हणून विजापूरकडे गेला. लग्न, किल्ला, रुसवा आणि रणांगण असा सगळा ऐवज एकाच तटबंदीभोवती जमलेला असताना त्यावर कोणी कादंबरी लिहिली नसती तरच नवल. ती लिहिली फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने, आणि चांदबीबीवरची ती ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

टेलरपासून आरंभ करण्याचे कारण केवळ गावाचा अभिमान नाही, जरी तो थोडा आहेच. १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा माणूस लहान वयात हिंदुस्थानात आला, निजामाच्या चाकरीत शिरला आणि १८५३ च्या तहाने निजामाचा नळदुर्ग प्रांत कंपनीकडे आल्यावर तिथला कारभारी झाला. हैदराबादच्या रस्त्याने सोलापुरातून निघालेली एसटी तासाभरात ज्या नळदुर्गाला पोचते, तिथे बसून त्याने हा मुलूख पाहिला. त्याच्या १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी आहे, पार्श्वभूमी अफजलखानाच्या स्वारीची आहे आणि तिच्यावर जीव जडवणारा तरुण म्हणजे खुद्द खानाचा मुलगा फाजल. तारा कल्पित आणि खान खरा. मात्र या दोघांच्या पलीकडे एक तिसरे मिश्रण असते, ज्यात एका ग्रंथातले गाजलेले पात्र नावानिशी दुसऱ्या ग्रंथात येते आणि तिथल्या तितक्याच गाजलेल्या पात्राशी त्याची गाठ पडते. इतिहासाच्या पडद्यावर अशा भेटी घडवणाऱ्या साहसप्रधान, प्रणयप्रधान कादंबऱ्या हा या टिपणाचा विषय आहे.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्राला या विषयासाठी शब्द शोधावा लागला नसता. दहाव्या शतकातल्या ‘दशरूपक’ या ग्रंथात धनंजयाने कथावस्तूचे तीन प्रकार सांगितले आहेत: इतिहासपुराणांतून घेतलेली ती प्रख्यात, कवीने रचलेली ती उत्पाद्य आणि दोहोंच्या मेळातून झालेली ती मिश्र. टेलरची ‘तारा’ या हिशेबाने सरळ मिश्र ठरते. आपण ज्या कादंबऱ्यांविषयी बोलत आहोत त्यांत मात्र प्रख्यात पात्राला प्रख्यात पात्रच भेटते. कवीने रचायची ती फक्त भेट.

अशी भेट आपल्याकडे फार जुनी आहे. भागवतात स्यमंतक मण्याच्या शोधात श्रीकृष्ण एका गुहेत शिरतो, तिथे त्याची गाठ रामाच्या सैन्यातल्या जांबुवंताशी पडते, दोघे अठ्ठावीस दिवस झुंजतात, शेवटी जांबुवंताला समोरचा वीर कोण आहे हे उमगते आणि तो मण्याबरोबर आपली मुलगी जांबवती कृष्णाला देतो. हरवलेले रत्न, अंधारी गुहा, खोटा आळ, द्वंद्व, ओळख आणि विवाह: साहसकथेला आणखी काय लागते? गणेशचतुर्थीला चुकून चंद्र दिसला की घराघरांत ही कथा सांगितली जाते, त्यामुळे ती पोथीत न वाचलेल्यालाही पाठ असते. तसाच वनपर्वातला प्रसंग, ज्यात सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून पडलेले असते आणि ते शेपूट भीमाच्याने हलत नाही. रामायणातला मारुती महाभारतातल्या भीमाला असा आडवा येतो. सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधर कवीने आधी ‘रामविजय’ आणि मग ‘पांडवप्रताप’ रचला, तेव्हा या मुलखातल्या श्रोत्याच्या कानांवर दोन्ही कथा एकाच कवीच्या ओवीतून पडू लागल्या.

युगांचे अंतर पुराणांनी चिरंजीवांच्या युक्तीने ओलांडले. अश्वत्थामा, बळी, व्यास, मारुती, बिभीषण, कृप आणि परशुराम हे सात जण मरतच नाहीत, त्यामुळे कथाकाराला हवे तेव्हा त्यांतला एखादा हाताशी असतो. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा लोककथांत अजून भेटतो, तो याच सवलतीवर.

युरोपातल्या लेखकांना अशी सवलत नव्हती. त्यांना वयाचा हिशेब मांडावा लागला आणि पुढे मालकीचाही. मालकीचा पहिला गमतीदार झगडा स्पॅनिश लेखक सेर्व्हांतेसचा. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये निघाला, दुसरा भाग लिहून होण्याआधीच १६१४ मध्ये आव्हेयानेदा असे टोपणनाव घेतलेल्या कोणी तरी त्याच नायकाचा परस्पर पुढचा भाग छापून टाकला. सेर्व्हांतेसने १६१५ च्या आपल्या दुसऱ्या भागात याचा जो सूड घेतला त्याला तोड नाही. त्या नकली पुस्तकातले डॉन आल्व्हारो तार्फे हे पात्र त्याने उचलून आपल्या पुस्तकात आणले, खऱ्या किहोतेशी त्याची गाठ घातली आणि ‘मी ज्याला पाहिले तो हा नव्हे’ असा जबाब गावच्या अधिकाऱ्यापुढे त्याच्याकडून रीतसर लिहून घेतला. दोन पुस्तकांच्या पात्रांची भेट इथे फिर्यादीच्या स्वरूपात झाली.

वॉल्टर स्कॉटने वेगळी वाट काढली. १८१९ अखेरीस निघालेल्या ‘आयव्हॅन्हो’मध्ये राजा रिचर्ड इतिहासातून आला, आयव्हॅन्हो लेखकाच्या कल्पनेतून आला आणि लॉक्सली नावाचा जो तिरंदाज दिसतो तो लोकगीतांतला रॉबिन हूड निघाला. लोकगीतांना मालक नसतो, त्यामुळे तक्रार करणारेही कोणी नव्हते.

या प्रकाराचा खरा कारखाना मात्र फ्रान्समध्ये चालला, आणि तो समजून घेण्यासाठी एकट्या दार्तान्याँचा प्रवास पुरेसा आहे. शार्ल द बात्झ, म्हणजेच दार्तान्याँ, हा चौदाव्या लुईच्या पदरी असलेला खरा सरदार, जो १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात पडला. कूर्तिल द सांद्रास या लेखकाने १७०० मध्ये त्याच्या नावावर बनावट आठवणी छापल्या. त्या आठवणींची प्रत अलेक्झांडर द्यूमाने मार्सेयच्या ग्रंथालयातून नेली आणि परत केलीच नाही असे सांगितले जाते (वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बसलेल्या कोणालाही हा सभासद ओळखीचा वाटेल). त्यातून १८४४ मध्ये ‘ल सिएक्ल’ या वृत्तपत्रात ‘तीन शिलेदार’ (म्हणजे ‘थ्री मस्केटियर्स’) क्रमशः छापले जाऊ लागले. कथा १६२५ च्या एप्रिलमध्ये सुरू होते आणि नायक अठरा वर्षांचा आहे. खरा दार्तान्याँ त्या साली जेमतेम पोरसवदा असणार. द्यूमाने बेलाशक त्याचे वय वाढवून घेतले.

पुढे १८९७ मध्ये एदमों रोस्ताँचे ‘सिरानो द बर्जराक’ रंगभूमीवर आले. पहिल्या अंकात, १६४० सालच्या पॅरिसमध्ये, सिरानो कवन रचता रचता द्वंद्व जिंकतो. गर्दीतून एक शिलेदार पुढे होतो, त्याचा हात हातात घेतो, चार शब्द बोलतो आणि निघून जातो. हे गृहस्थ कोण, असे सिरानो विचारतो. उत्तर मिळते: दार्तान्याँ. एवढेच. नाटकात पुन्हा त्याचे काम नाही, तरी प्रेक्षागृहात त्या एका नावाने जी लहर उठत असेल ती कल्पनेनेही कळते. सिरानोही खरा माणूस होता, १६१९ ते १६५५ हे त्याचे आयुष्य. त्यामुळे वयाच्या हिशेबाने भेट शक्य होती. त्या एका हस्तांदोलनावर १९२५ मध्ये पोल फेव्हाल धाकटे यांनी एका सहलेखकाच्या मदतीने ‘दार्तान्याँ विरुद्ध सिरानो’ ही कादंबऱ्यांची मालिकाच उभी केली. या फेव्हालांच्या वडिलांनी ‘ल बोस्यू’ ही गाजलेली तलवारबाजीची कादंबरी लिहिली होती, म्हणजे हा धंदा घरचाच होता. खरा सरदार, बनावट आठवणी, क्रमशः कादंबरी, नाटक आणि पुन्हा भलत्याच लेखकाची कादंबरी अशा सव्वादोनशे वर्षांच्या प्रवासात माणूस कितीदा बदलला, पण नाव तेच राहिले. माझ्या मते या प्रकाराचे मर्म तिथेच आहे. वाचकाला दोन्ही नावे आधी ठाऊक असावी लागतात, नाहीतर भेट ही भेट राहत नाही, दोन अनोळखी माणसांची नुसती गाठ होते.

नाव हेच भांडवल असल्यामुळे भांडणेही नावावरूनच झाली. मोरीस लब्लांने १९०६ मध्ये आपल्या आर्सेन लुपाँ या चोरासमोर शेरलॉक होम्सला उभे केले. होम्सचा जनक कॉनन डॉयल याच्या बाजूने आक्षेप आल्यावर पुढच्या पुस्तकी आवृत्तीत आद्याक्षरांची अदलाबदल होऊन होम्सचा ‘हेरलॉक शोम्स’ झाला आणि वॉटसन ‘विल्सन’ झाला. वाचक फसला नाही, आणि त्याला फसवायचेही नव्हते. पुढे अमेरिकेत फिलिप होजे फार्मरने १९७२ पासून अशा सगळ्या गाजलेल्या नायकांना एकाच कुळात बसवले: १३ डिसेंबर १७९५ रोजी यॉर्कशायरमधल्या वोल्ड न्यूटन या गावी खरोखर पडलेल्या उल्केजवळून त्या वेळी काही बग्ग्या जात होत्या आणि त्यांतल्या प्रवाशांच्या वंशात टारझनपासून होम्सपर्यंत सगळे जन्मले, ही त्याची कल्पना. चिरंजीवांच्या जागी त्याने वंशावळ आणली. मला ती युक्ती जरा कारकुनी वाटते, पण तिचे अनुयायी पुष्कळ झाले.

मग मराठीत हे का रुजले नाही? साहसकादंबऱ्यांचा तुटवडा होता म्हणावे तर तसे नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत होत्या, म्हणजे फ्रान्समधली छपाईची चालही इथे होतीच. कारण रूपांतराच्या आपल्या परंपरेत आहे. आपट्यांनी टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरून ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली, गो. ना. दातारांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी पोशाख चढवला. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोला झुंझारराव आणि डेस्डेमोनाला कमळजा केले. हे काम थोर होते, पण त्यात परके नाव पहिल्या फटक्यात पुसले जाई. झुंझारराव एकदा झुंझारराव झाला की हॅम्लेटला तो वाटेत भेटला तरी कोणाला काही वाटायचे कारण उरत नाही. ज्यांची नावे टिकली ती पुराणातली पात्रे. म्हणून सरमिसळ कीर्तनात टिकली, तमाशात टिकली, जिथे पेंद्या आणि मावशी गवळणीत उभ्या राहून खुशाल चालू काळावर बोलतात. कादंबरीत मात्र ती आली नाही.

आता परिस्थिती बदलली आहे, निदान कायद्यापुरती. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे असलेली हक्काची मुदत १९९२ मध्ये साठ वर्षे झाली, आणि तरीही टेलर (मृत्यू १८७६) व आपटे (मृत्यू १९१९) दोघेही त्या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेले. टेलरची तारा १६५७ च्या सुमारास तुळजापुरात आहे. आपट्यांच्या ‘उषःकाल’चा नायक नानासाहेब शिवाजी महाराजांच्या उद्योगाच्या आरंभकाळात किल्लेदाराच्या घरात वाढलेला आहे. दोघांच्या लेखकांनी एकाच राजाभोवती कथा गुंफल्या, एकाने इंग्रजीतून आणि एकाने मराठीतून, आणि दोन्ही नावे आपापल्या जागी शाबूत आहेत. माझ्याकडे ‘उषःकाल’ची एक जुनी, पुठ्ठ्यात शिवलेली प्रत आहे, जिच्या समासात आधीच्या कोणा वाचकाने शिसपेन्सिलीने प्रसंगांची साले मांडून नानासाहेबाचे वय काढायचा प्रयत्न केलेला दिसतो. दोन ठिकाणी खोडले आहे, तिसऱ्या ठिकाणी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तुळजापूरच्या शास्त्र्याच्या मुलीशी त्याची गाठ घालायची तर पहिले काम तो हिशेब पुरा करण्याचे.