घरून ऑफिसचा कॉम्प्युटर उघडायचा आहे, पण दोन्हीकडे राउटर आहे?

ऑफिस वागळे इस्टेटला, घर डोंबिवलीला. टॅलीतली एक एन्ट्री राहिली म्हणून पुन्हा लोकल धरायला नको, यासाठी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडचा कॉम्प्युटर आपल्या स्क्रीनवर वापरण्याची विंडोजमधली सोय, हवा असतो. तो जोडला जात नाही म्हणून आमच्याकडे येणाऱ्या अनेकांनी तोवर घरचा राउटर दोन-तीनदा रीसेट केलेला असतो. कृपया घरच्या राउटरला हात लावू नका. बाहेर जाणारं कनेक्शन तो सहसा अडवत नाही. अडतं ते ऑफिसच्या टोकाला.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.१० सारखा पत्ता फक्त त्या ऑफिसापुरता असतो. तोच तुमच्या घरच्या टीव्हीलाही असू शकतो. बाहेरून दिसतो तो राउटरचा पत्ता. आत चार कॉम्प्युटर असतील, तर आलेली विनंती कोणाला द्यायची हे राउटरला कळत नाही आणि तो ती सोडून देतो. कुरियरवर सोसायटीचं नाव आहे, फ्लॅट नंबर नाही, तसं.

जुना उपाय पोर्ट फॉरवर्डिंगचा: ३३८९ पोर्टवर (रिमोट डेस्कटॉपच्या ठरलेल्या दारावर) येईल ते अमुक कॉम्प्युटरकडे पाठव, असं राउटरला सांगून ठेवायचं. चालतं, पण आम्ही ते करून देत नाही. उघडं ३३८९ शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात; सापडलं की एकामागून एक पासवर्ड लावून बघतात. २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या दोषामुळे तर विंडोज ७ मध्ये पासवर्डशिवायही शिरता येत होतं. अनेक वर्षांचे हिशेब असे उघड्यावर ठेवणं आम्हाला पटत नाही.

आम्ही ऑफिसच्या राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा कुलूपबंद खासगी रस्ता, बसवतो. डिजिटल किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. मात्र घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारी पत्त्यांची मालिका असेल तर गोंधळ होतो, म्हणून ऑफिसची मालिका आधी बदलून घेतो.

फोन करण्यापूर्वी दोन गोष्टी बघून ठेवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज प्रो आहे ना? होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरचा पत्ता, काय दिसतो? तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही. मग एकतर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागून घ्यावा लागतो, नाहीतर टेलस्केलसारखी सोय, ज्यात दोन्ही कॉम्प्युटर आतूनच बाहेर संपर्क साधतात.

जोडणी झाल्यावर चाचणी ऑफिसच्या वायफायवरून घेऊ नका. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि मग बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरचा स्लीप मोडही बंद ठेवा; झोपलेला कॉम्प्युटर डोंबिवलीहून सहसा उठवता येत नाही.