मिनिएचरच्या पर्यायी रंगांची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये मिनिएचर, म्हणजे युद्धखेळांतील सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, रंगवणाऱ्याला कॅम्लिन किंवा फेव्हिक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सिटाडेल, वालेहो किंवा आर्मी पेंटर या खास मिनिएचरसाठीच्या ब्रँडची बाटली मात्र बहुधा ऑनलाइन मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत अर्धी रंगवून झालेली पलटण तशीच ठेवावी लागते. त्यामुळे ‘या रंगाऐवजी कोणता चालेल?’ हा इथल्या छांदिष्टांचा रोजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून वापरली जाणारी, एका ब्रँडच्या रंगाला दुसऱ्याचा कोणता जुळतो ते सांगणारी जुळणीची कोष्टके एकमेकांशी का पटत नाहीत, याचे कारण या रंगांच्या इतिहासात सापडते.

प्रतिकृतींच्या छंदाची जुनी शाखा म्हणजे विमाने, रणगाडे आणि जहाजे. तिथे रंगाला प्रत्यक्ष वस्तूचा आधार असतो, आणि त्या वस्तूच्या रंगाला बहुतेक वेळा अधिकृत क्रमांकही असतो. जर्मनीत 1927 साली 40 छटांपासून सुरू झालेली राल पद्धत, ब्रिटनचे बीएस 381सी, अमेरिकेचे 1956 चे फेडरल स्टँडर्ड 595 आणि आपल्याकडील आयएस 5 ही त्याची उदाहरणे. फेडरल स्टँडर्डच्या पाच अंकी क्रमांकातील पहिला अंक चकाकी सांगतो: 1 म्हणजे चकचकीत, 2 म्हणजे मध्यम, 3 म्हणजे मॅट. हंब्रोलचे इनॅमल असो वा तामियाचे अ‍ॅक्रिलिक, दोन्ही एकाच क्रमांकाशी ताडून पाहता येतात. ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या मिग-21 ची किंवा सुखोई-30 एमकेआयची प्रतिकृती करणाऱ्यालाही निदान खरे विमान समोर ठेवता येते. त्याचा रंग उन्हापावसाने उडालेला असला तरी मूळ कोणते, याविषयी वाद राहत नाही.

कल्पित विश्वातील सैनिकांना असे मूळ नाही. गॉब्लिन या काल्पनिक राक्षसी प्राण्याच्या कातडीचा हिरवा कोणत्याही मानकात नोंदलेला नसतो. उत्पादकाने बाटलीत जो भरला तोच प्रमाण ठरतो. 1980 च्या दशकात गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश युद्धखेळ कंपनीने सिटाडेलचे रंग बाजारात आणले तेव्हा ते मँचेस्टरची एचएमजी पेंट्स ही कंपनी बनवत असे. पुढे गेम्स वर्कशॉपने उत्पादक बदलला, आणि एचएमजीचे रंग कोट डी’आर्म्स या नावाने विकले जाऊ लागले. म्हणजे पर्यायांच्या या कथेत सर्वांत जवळची जुळणी ही मुळात जुळणीच नव्हती, कारण त्या जुन्या रंगांचा वंश एकच होता. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो: लेबल आणि आतला रंग यांचे नाते कायमचे नसते, हे छंदाच्या सुरुवातीच्या काळातच दिसून आले होते. त्यानंतर स्पेनच्या वालेहोने गेम कलर ही मालिका जुन्या सिटाडेल छटांच्या जवळ ठेवली. गॉब्लिन ग्रीन हे नाव तर दोन्हीकडे होते.

खरी उलथापालथ 2012 मध्ये झाली. गेम्स वर्कशॉपने सिटाडेलची संपूर्ण मालिका बदलून बेस (पहिला थर), लेअर (त्यावरचे थर), शेड (सावली) अशा गटांत मांडली आणि जवळपास सर्व नावे नवी दिली. केऑस ब्लॅकच्या जागी अबॅडन ब्लॅक, ब्लड रेडच्या जागी एव्हिल सन्झ स्कार्लेट, ब्लीच्ड बोनच्या जागी उशाब्ती बोन आणि बोल्टगन मेटलच्या जागी लेडबेल्चर आले. वर्षानुवर्षे रंगवत आणलेल्या सैन्यात नवी तुकडी जोडायची असेल, तर तिचा लाल जुन्या लालाशी जुळलाच पाहिजे. या निकडीमुळे जुनी नावे, नवी नावे आणि इतर ब्रँडचे पर्याय शेजारी शेजारी मांडणाऱ्या कोष्टकांची गरज एकाएकी वाढली. त्यातली बरीचशी जुळणी डोळ्यांनी केलेली होती, आणि एका कोष्टकातील नोंदी दुसऱ्यात उतरत गेल्या. पुढे वालेहोने गेम कलरचे आणि आर्मी पेंटरने वॉरपेंट्स या आपल्या मालिकेचे सूत्र बदलले, तेव्हा त्यांतील कित्येक नोंदी जुन्या झाल्या.

मोजमापाचे शास्त्र मात्र त्याआधीच तयार होते. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने 1931 मध्ये रंग अंकांत मांडण्याची पद्धत ठरवली आणि 1976 मध्ये सीआयई लॅब ही मांडणी स्वीकारली; तिच्यात दोन छटांमधील अंतर डेल्टा ई या एका आकड्यात सांगता येते. पण हा आकडा ठरावीक प्रकाशापुरताच खरा असतो. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून केलेले दोन जांभळे एलईडीखाली एकसारखे दिसतात आणि गॅलरीतल्या दुपारच्या उजेडात वेगळे पडतात. अशा वेळी रंगद्रव्य कोणते, हे कळले तरच निर्णय करता येतो. चित्रकारांच्या दर्जाच्या बहुतेक अ‍ॅक्रिलिक ट्यूबांवर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो: पीबी15 म्हणजे थॅलो निळा, पीडब्ल्यू6 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. मिनिएचरच्या बहुतेक बाटल्यांवर तो नसतो, आणि ही उणीव माझ्या मते कोष्टकांतील कोणत्याही चुकीपेक्षा मोठी आहे.

छटा जुळली तरी झाकण्याची ताकद जुळेलच असे नाही. गेम्स वर्कशॉपने 2007 मध्ये फाउंडेशन नावाचे दाट रंग आणले ते एकाच थरात पृष्ठभाग झाकण्यासाठी. 2019 चे कॉन्ट्रास्ट रंग याच्या अगदी उलट, पारदर्शक आणि खाचांत साचून सावली पाडणारे. कॉन्ट्रास्टच्या रंगाला साध्या लेअर रंगाचा पर्याय देणारी नोंद म्हणूनच निरुपयोगी ठरते, मग बाटलीवरची छटा कितीही सारखी दिसो. दुकानात मिळणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पर्याय करतानाही हेच आधी पाहावे लागते. पांढऱ्या आणि काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी दिल्या जाणाऱ्या पायाच्या थरावर, दोन्ही रंगांचे पट्टे ओढावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत, कारण अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर बहुधा गडद होते, आणि मग ते दिवसाच्या उजेडात ताडून पाहावेत. पिवळ्या आणि लाल रंगांत काळ्या प्रायमरवरील पट्टाच पुष्कळदा निकाल देतो. तिथे पर्यायी रंग फिका पडत असेल, तर खाली तपकिरी किंवा गुलाबी थर देऊन तोच रंग वापरता येतो.