‘उद्याचं ताट’ : संच घेण्याआधी थोडं वाचा

नमस्कार.

हा संच पाहून बरेच जण विचारतात, “यात जेवायचं की कपाटात मांडून ठेवायचा?” जेवायचंच. मात्र हवामान असंच बदलत गेलं तर पंचवीसएक वर्षांनी आपल्या पानात काय वाढलं जाईल, हा प्रश्न मनात धरून आम्ही ही भांडी घडवली आहेत. हे भाकीत नव्हे.

आपलं पान वाढण्याची रीत ठरलेली आहे. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये वरणभात. त्यामुळे एखादा पदार्थ नाहीसा झाला तरी त्याची रिकामी जागा डोळ्यांना दिसते. आमचं सगळं काम त्या जागेवर आहे.

सर्वांत जास्त दिवस गेले ते गव्हाच्या खिरीच्या दोन वाट्यांवर. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, सुमारे 550 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 550 भाग) कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त 9 टक्के, प्रथिनं 6 टक्के आणि लोह 5 टक्क्यांच्या आसपास कमी भरलं. आज हवेत हे प्रमाण 420च्या वर गेलं आहे. पोट भरतं, पण अंगी लागायचं ते कमी लागतं. म्हणून दोन्ही वाट्या वरून अगदी सारख्या आहेत. एकीचा तळ आतून किंचित उचललेला आहे. नुसतं बघून कळत नाही. साधी वाटी काठोकाठ पाण्यानं भरा आणि दुसरीत ओता. पाणी सांडेल.

रसाच्या वाटीला आतून झिलई दिलेली नाही, तांबडी माती उघडीच ठेवली आहे. हापूसचा मोहोर थंडीवर येतो. अवकाळी पावसानं तो झडतो, उन्हाच्या तडाख्यानं कैरी गळते. आमरसाचे डाग या मातीत मुरतील, ते घासून काढू नका. ज्या वर्षी आंबा हाती लागणार नाही, त्या वर्षी वाटीत तेवढेच असतील. ही वाटी साबणाशिवाय गरम पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा.

ताटात भाताची जागा लहान आणि भाकरीची मोठी केली आहे, कारण ज्वारी-बाजरी कमी पाण्यावर येते.

भांडी हातानं घडवतो, म्हणून मागणी नोंदवल्यापासून चार आठवडे लागतात. ताट किंवा रसाची वाटी सुटी मिळेल. खिरीच्या वाट्या मात्र जोडीनंच घ्याव्या लागतील.