कॉप रॉक

कॉप रॉक : अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी नेटवर्कवर २६ सप्टेंबर ते २६ डिसेंबर १९९० या काळात दाखवली गेलेली पोलीस मालिका. स्टीव्हन बॉच्को आणि विल्यम फिंकेलस्टाईन हे तिचे निर्माते होते. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातील गुन्हे, तपास आणि खटले वास्तववादी पद्धतीने दाखवत असतानाच त्यातील पात्रांना मध्येच गायला लावणे, हे तिचे वैशिष्ट्य होते आणि तिच्या अल्पायुष्याचे मुख्य कारणही तेच ठरले. ती अवघ्या अकरा भागांत संपली. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा फसलेल्या प्रयोगाचे उदाहरण म्हणूनच होतो, पण तो प्रयोग नेमका कुठे फसला आणि कुठे साधला याची चर्चा मात्र फार क्वचित होते.

बॉच्को यांचे नाव तोवर पोलीस मालिकांशी घट्ट जोडले गेले होते. एनबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर १९८१ ते १९८७ या काळात चाललेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने हा प्रकारच बदलून टाकला होता. अनेक कथासूत्रे एकाच वेळी चालवणे, ती भागामागून भाग लांबवत नेणे, हलत्या कॅमेऱ्याने गजबजलेली चौकी टिपणे आणि पोलिसांचे दोष न झाकणे या गोष्टी पुढच्या पिढीने तिच्याकडूनच उचलल्या. पहिल्या हंगामात प्रेक्षक फार थोडे असूनही एनबीसीने तिला मुदत दिली आणि त्याच हंगामासाठी तिला दूरचित्रवाणीचे आठ एमी पुरस्कार मिळाले. पुढे ‘एल. ए. लॉ’ ही वकिलांवरची मालिकाही गाजली. १९८७ मध्ये एबीसीने बॉच्को यांच्याशी दहा मालिकांचा करार केला. अशा करारात निर्मात्याला मिळणारी मोकळीक मोठी असते आणि बॉच्को यांनी ती पुरेपूर वापरली. ‘कॉप रॉक’ आली तेव्हा एबीसीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख रॉबर्ट आयगर होते. १९९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘ट्विन पीक्स’सारखी विलक्षण मालिका पडद्यावर आणली होती, त्यामुळे संगीत आणि पोलीस तपास यांची सांगड घालण्याच्या कल्पनेला तिथे दार उघडे होते.

मालिकेच्या गाभ्याशी असलेले कथानक गंभीर आहे. व्हिन्सेंट लारुसो हा तपास अधिकारी, एका पोलिसाच्या हत्येचा संशय असलेल्या आणि ताब्यात आलेल्या माणसाला जागेवरच गोळी घालतो. कॅप्टन जॉन हॉलंडर त्याला पाठीशी घालण्याऐवजी त्याच्यावर खटला उभा राहावा म्हणून झटतो आणि त्यामुळे स्वतःच्याच लोकांत एकटा पडतो. पीटर ओनोराती आणि लॅरी जोशुआ यांनी या दोन भूमिका केल्या. या सूत्राभोवती व्हिकी क्विन ही गस्तीवरची तरुण पोलीस, वयाने बराच मोठा असलेला तिचा नवरा आणि तिचा सहकारी यांच्यातील ताण, जुन्या पश्चिमेच्या वेडाने झपाटलेला पोलीसप्रमुख (रॉनी कॉक्स) आणि शहराची महापौर (बार्बरा बॉसन) अशी इतर सूत्रे गुंफलेली आहेत. ताब्यातील माणसावर पोलिसाने केलेला अत्याचार आणि त्यावर खात्याने धरलेले मौन हा विषय लॉस एंजेलिसच्याच पार्श्वभूमीवर या मालिकेने मांडला. मालिका संपल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ मार्च १९९१ रोजी, याच शहरात रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला पोलिसांनी केलेली मारहाण चित्रफितीवर टिपली गेली आणि हाच प्रश्न साऱ्या देशापुढे आला. मालिकेच्या या बाजूकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असे म्हणावे लागते.

ग्रेगरी हॉब्लिट यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या भागाची गाणी गायक-गीतकार रँडी न्यूमन यांची होती. ‘अंडर द गन’ हे शीर्षकगीतही त्यांचेच. शीर्षकांच्या वेळी ते पियानोवर गाताना दिसतात आणि मालिकेतील कलाकार भोवती बसून ऐकत असतात. पहिल्या भागातील न्यायालयाचा प्रसंग आजही लोकांच्या लक्षात आहे. निकाल काय, असे विचारले जाताच पंच (ज्युरी) उठतात आणि चर्चमधील गॉस्पेल गायकवृंदाच्या थाटात आरोपी दोषी असल्याचे गाऊन सांगतात. ‘हीज गिल्टी’ या गाण्याबद्दल न्यूमन यांना १९९१ चा एमी पुरस्कार मिळाला. याच भागात अमली पदार्थांच्या आहारी गेलेली एक आई आपले तान्हे मूल विकण्यापूर्वी त्याला अंगाई गाते. ‘सँडमॅन्स कमिंग’ ही ती अंगाई कॅथलीन विल्हॉइट यांनी अत्यंत संयमाने गायली आहे. एरवी संवादातून मांडता न येणारी त्या बाईची अवस्था इथे गाण्यातून पूर्णपणे उभी राहते, आणि बॉच्को यांच्या मनात काय होते हे या प्रसंगातून सर्वांत स्पष्ट कळते. न्यूमन यांनी ही अंगाई पुढे १९९५ च्या आपल्या ‘फाउस्ट’ या संगीतिकेतही घेतली, तर ‘शी चोज मी’ हे मालिकेतील दुसरे गाणे त्यांच्या २०१७ मधील ‘डार्क मॅटर’ या संग्रहात आले.

पहिल्या भागानंतर न्यूमन बाजूला झाले. संगीतकार माइक पोस्ट यांच्या देखरेखीखाली गीतकारांचा एक गट दर आठवड्याला नवी गाणी तयार करू लागला आणि मालिकेची खरी कसोटी इथेच लागली. रंगभूमीवरील संगीतिकेची गाणी घडवायला वर्ष-दोन वर्षे मिळतात, नको ती गाणी प्रयोगापूर्वी काढून टाकता येतात. इथे मात्र काही दिवसांत रॅप, गॉस्पेल, ब्लूज, रॉक, प्रेमगीत अशा भिन्न शैलींतील अनेक गाणी लिहून, बसवून, नृत्यासह चित्रित करावी लागत. त्यात कलाकारांचे गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ओठ हलवण्याऐवजी ते चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष गाऊन घेतले जाई. त्यामुळे आवाजात श्वास आणि थरथर उतरली, पण काम अवघड झाले. इतक्या गाण्यांची प्रत सारखी राहणे शक्यच नव्हते, आणि पुढील भागांतील काही गाणी संवादांनी आधीच सांगितलेलेच पुन्हा सांगतात.

तरीही गाण्यांचा दर्जा हे अपयशाचे मूळ नव्हे. पोलीस मालिकेत कॅमेरा जणू योगायोगाने तिथे हजर आहे, असा भास प्रेक्षक स्वीकारतो. संगीतिकेत तो नेमका उलटा संकेत मान्य करतो आणि पात्रांनी गाणे हे त्यांच्या बोलण्याइतकेच स्वाभाविक धरतो. ‘कॉप रॉक’ने दोन्ही संकेत एकाच प्रसंगात मागितले. गाणे सुरू झाले की धाडीचा किंवा चौकशीचा ताण तुटे आणि गाणे संपल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून उभारावा लागे. हिल स्ट्रीटच्या वास्तवदर्शनाची सवय बॉच्को यांनीच प्रेक्षकांना लावली होती. तीच सवय त्यांच्या या प्रयोगाच्या आड आली.

नेटवर्कच्या अर्थकारणानेही मालिकेला सवड दिली नाही. एबीसीने तिला बुधवारची रात्री दहाची वेळ दिली होती, पण प्रेक्षकसंख्या सुरुवातीपासून कमी राहिली. त्या काळी मालिकेचा निर्मितीखर्च नेटवर्ककडून पूर्ण वसूल होत नसे. उरलेली भरपाई पुढे स्थानिक केंद्रांना पुनःप्रसारणाचे हक्क विकून होई आणि त्यासाठी साधारण शंभर भाग हाताशी असावे लागत. ‘लॉ अँड ऑर्डर’ ही पोलीस आणि न्यायालय यांवरचीच मालिका त्याच सप्टेंबरमध्ये एनबीसीवर सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागात एक गुन्हा सुरू होऊन संपे, पात्रांचे खासगी आयुष्य जवळजवळ नसे, आणि कोणताही भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखवता येई. ती सलग वीस हंगाम चालली. लांबत जाणारी कथा, दर भागाला नवी गाणी आणि मोठा खर्च असलेली ‘कॉप रॉक’ या व्यवहारात टिकण्याजोगी नव्हतीच.

शेवटच्या भागाच्या अखेरीस कलाकार आपापल्या भूमिकांतून बाहेर येतात आणि तंत्रज्ञांसह सारेजण मिळून गातात. २००२ मध्ये ‘टीव्ही गाईड’ या नियतकालिकाने सर्वांत वाईट पन्नास मालिकांच्या यादीत तिला आठवे स्थान दिले. हा निवाडा अन्यायकारक आहे. त्या यादीने मालिकेतील विसंगती मोजली, पण पहिल्या भागाची ताकद आणि खटल्याच्या कथानकाची प्रामाणिक मांडणी लक्षात घेतली नाही. आयगर यांनी २०१९ च्या आपल्या आत्मकथनात या मालिकेचे अपयश उघडपणे स्वीकारले आणि असा धोका पत्करणे योग्यच होते, अशी भूमिका मांडली. गाणाऱ्या पात्रांची नाट्यमालिका नेटवर्कवर आणण्याचा सीबीएसचा २००७ मधील ‘व्हिवा लाफलिन’ हा प्रयत्न दोन भागांतच गुंडाळला गेला. २००९ मध्ये फॉक्सवर आलेली ‘ग्ली’ मात्र यशस्वी झाली, कारण तिच्यातील मुले शाळेच्या गायकवृंदातील होती आणि त्यांच्या गाण्याला कथेतच कारण होते.

बॉच्को आणि एबीसी यांचे संबंध या अपयशाने तुटले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी डेव्हिड मिल्च यांच्यासह याच नेटवर्कसाठी ‘एनवायपीडी ब्लू’ आणली. ती बारा हंगाम आणि २६१ भाग चालली. ‘कॉप रॉक’मध्ये गस्तीवरच्या पोलिसाची भूमिका केलेले जेम्स मॅकडॅनियल तिच्यात लेफ्टनंट फॅन्सी झाले. ‘कॉप रॉक’चे सर्व अकरा भाग २०१६ मध्ये डीव्हीडीवर उपलब्ध झाले.