चौकट आली आणि कायदा पेटीत शिरला

मधमाश्या पाळायच्या म्हटल्या की आज बऱ्याच देशांत आधी कागद पुढे येतात. पेट्यांची नोंदणी, शेजाऱ्याच्या हद्दीपासून अंतर, काही रोग दिसले तर खबर देण्याचे बंधन, पेट्या दुसऱ्या भागात हलवायच्या तर परवानगी. नवख्याला हा सगळा सरकारी सोस वाटतो. पण यातले बहुतेक नियम एखाद्या जुन्या भांडणातून नाहीतर साथीतून आलेले आहेत. शिवाय १८५२मध्ये काढता-घालता येणाऱ्या चौकटींच्या मधपेटीला पेटंट मिळाले; त्यापूर्वीचे नियम आणि त्यानंतरचे नियम यांची जातच वेगळी आहे. आधीचा कायदा मुख्यतः एवढेच विचारत असे की माश्या कोणाच्या. आत काय चालले आहे हे विचारण्याची सोयच नव्हती.

मालकीचे भांडण फार जुने आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन राज्याच्या) कायद्यात मधमाश्यांच्या चोरीसाठी स्वतंत्र कलमे आहेत. दोन-तीन पोळी चोरणाऱ्याला पूर्वी माश्यांच्या डंखांपुढे उभे करत, आता त्याने सहा शेकेल चांदी भरावी, असे त्यात लिहिले आहे. शिक्षा सौम्य केल्याची नोंद कायद्यातच सापडावी, हे विरळाच. अथेन्सच्या सोलोनने इसवी सनपूर्व सहाव्या शतकात अंतराचा नियम घातला: कोणी आधीच पोळी मांडली असतील तर दुसऱ्याने तिथून ३०० फूट लांब मांडावीत. हे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवले आहे. माशी काही किलोमीटर सहज उडते, त्यामुळे एवढ्या अंतराने फुलोऱ्याची वाटणी होणे शक्य नव्हते. पण दोन शेजाऱ्यांचे थवे एकमेकांत मिसळण्याची कटकट थोडी कमी झाली असावी.

खरा पेच थव्याचाच होता. वसाहत वाढली की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि शेजारच्या झाडावर जाऊन लटकते. मग तो थवा कोणाचा? ५३३मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथाने उत्तर दिले: मधमाशी स्वभावतः रानटी आहे. तुमच्या झाडावर थवा बसला म्हणून तो तुमचा होत नाही, जसे झाडावर घरटे बांधलेले पक्षी तुमचे होत नाहीत. ज्याच्या पोळ्यातून थवा निघाला तो माणूस त्याला नजरेसमोर ठेवून पाठलाग करत असेल, तोवर मालकी त्याची. हा विचार इतका टिकला की १९००मध्ये अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेत ९६१ ते ९६४ ही चार कलमे केवळ थव्यांवर आहेत. पाठलाग करणाऱ्याला परक्याच्या जमिनीत शिरता येते, नुकसान मात्र भरून द्यावे लागते. आणि अनेकांचे थवे एकत्र झाले तर पाठलाग करणारे त्याचे भागीदार होतात. सातव्या शतकातला आयरिश कायदा वेगळ्याच बाजूने विचार करतो. माश्या शेजाऱ्यांच्या फुलांवर चरतात, म्हणून शेजाऱ्यांचाही त्यात हक्क. डंखाची भरपाईही त्यात ठरवून दिली आहे.

या साऱ्या काळात युरोपाच्या बऱ्याच भागांत गवताच्या किंवा वेताच्या उपड्या टोपल्यांत माश्या पाळत. मध हवा तर टोपलीखाली गंधक जाळून वसाहत मारायची आणि पोळे कापून काढायचे. जिवंत वसाहतीतला रोग पाहायचा तर पोळे मोडल्याशिवाय इलाज नव्हता. मग तपासणीचा कायदा कोण आणि कशाला करणार?

सिलेशियातला धर्मगुरू झिएर्झोन आणि इतर काहींनी काढता-घालता येणाऱ्या पट्ट्या आणि चौकटी आधी वापरल्या होत्या. अमेरिकेतल्या लॉरेन्झो लँगस्ट्रॉथने १८५१मध्ये नेमके माप पकडले. सुमारे सहा ते नऊ मिलिमीटरची फट माश्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद असली तर चिकाने बुजवतात, रुंद असली तर तिथे पोळे बांधतात. हे अंतर सगळीकडे राखले की चौकट चिकटत नाही, सहज उचलून पाहता येते. १८५२मध्ये त्याला पेटंट मिळाले. १८५७मध्ये मेहरिंगने मेणपत्रा (चौकटीत बसवायचा मेणाचा पत्रा, ज्यावर माश्या पोळे बांधतात) केला, १८६५मध्ये ह्रुश्काने पोळे न मोडता मध काढणारे यंत्र. आजची मधपेटी मूलतः याच तीन गोष्टींवर उभी आहे.

मात्र जी चौकट उचलून पाहता येते ती दुसऱ्या पेटीतही घालता येते. पेट्या, चौकटी, माश्या यांचा व्यापार वाढला आणि रोगही त्यांच्याबरोबर फिरू लागला. सर्वांत वाईट रोग अमेरिकन फाउलब्रूड: माश्यांच्या अळ्या सडवणाऱ्या त्याच्या जिवाणूचे बीजाणू जुन्या पोळ्यात दशकानुदशके जिवंत राहतात. म्हणून अनेक देशांत रोगट वसाहत सामानासकट जाळण्याचा नियम आला, तो आजही आहे. न्यूझीलंडने १९०६च्या कायद्याने रोगाविरुद्ध तपासणी सुरू केली आणि ज्यातून चौकटी काढता येत नाहीत अशा पेट्यांना मनाई केली. कारण उघड होते: उघडता येत नाही ती पेटी निरीक्षक तपासणार कशी? माझ्या मते मधमाशीपालनाच्या कायद्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. इथून पुढे पेटीची रचनाच कायद्याचा विषय झाली.

त्याच सुमारास इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावर वसाहती भराभर मरू लागल्या. १९२१मध्ये माशीच्या श्वासनलिकेत राहणाऱ्या एका सूक्ष्म कोळिडीचे (गोचिडीसारख्या परजीवीचे) वर्णन प्रसिद्ध झाले आणि दोष तिच्यावर आला. आजचे अभ्यासक तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. पण कायदा थांबत नसतो. अमेरिकेने १९२२मध्येच बाहेरून प्रौढ मधमाश्या आणण्यावर निर्बंध घातले.

शिकवण्याची व्यवस्था मात्र या तपासणीच्या नियमांहून जुनी आहे. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाने व्हिएन्नात मधमाशीपालनाची शाळा काढली आणि स्लोव्हेनियातल्या आंतोन यान्शाला शिक्षक नेमले. २० मे हा जागतिक मधमाशी दिन याच यान्शामुळे. १९४९मध्ये ब्रिटनमध्ये एव्हा क्रेन यांनी मधमाशी संशोधन संस्था उभारली. त्या मूळच्या गणित आणि भौतिकशास्त्राच्या. लग्नात भेट मिळालेल्या मधमाश्यांनी त्यांची वाट बदलली. जगभरातले विखुरलेले संशोधन त्यांनी एका ठिकाणी गोळा केले.

शहरांचे नियम भीतीतून आले. १९५७मध्ये ब्राझीलमध्ये आफ्रिकी राण्यांचे थवे प्रयोगातून निसटले, त्यांचे चवताळून डंख मारणारे संकर १९९०मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासपर्यंत पोचले. न्यूयॉर्क शहरात तर मधमाश्या पाळण्यावर बंदीच होती, ती २०१०मध्ये उठली.

व्हरोआ ही कोळिडी मूळची आशियाई सातेरी माशीवरची. पाळीव युरोपीय मेलिफेरा माशीवर गेल्यावर ती तिच्यासाठी जीवघेणी ठरली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरली. ऑस्ट्रेलिया बराच काळ वाचला. जून २०२२मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ ती सापडली, तेव्हा पेट्यांची हालचाल थांबवण्यात आली आणि बाधित टापूतल्या हजारो पेट्या नष्ट करण्यात आल्या. कोणाच्या पेट्या कुठे आहेत हे शोधताना नोंदणी कामी आली. सप्टेंबर २०२३मध्ये निर्मूलनाचा नाद सोडून तिच्यासह जगण्याचे धोरण स्वीकारले गेले. तेव्हापासून तिथल्या पाळणाऱ्यासाठी पेटीतून माश्यांचा नमुना घेऊन कोळिड्या मोजणे हे नेहमीचे काम झाले आहे.