कॅमेऱ्यातला लाल फिल्टर आणि लेन्सवरची लाल काच

गुढीपाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात स्वागतयात्रेचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. त्यातल्या ब्लॅक अँड व्हाइटची आवड असलेल्यांशी बोलताना एक समज सारखा कानावर पडतो: मेन्यूतला लाल फिल्टर म्हणजे लेन्सवर लावायच्या लाल काचेचीच डिजिटल आवृत्ती, तेव्हा एक असला की दुसऱ्याची गरज नाही. काहीजण तर वडिलांच्या फिल्मच्या दिवसांतली लाल काच लावतात आणि वर मेन्यूतही लाल निवडतात, म्हणजे दुप्पट परिणाम मिळेल या आशेने.

आकाश गडद होणं, ढग उठून दिसणं हे दोन्हींनी होतं, म्हणून घोटाळा होतो. पण काच उजेडाला सेन्सरवर पोचण्याआधीच अडवते, तर मेन्यूतला फिल्टर उजेड नोंदवून झाल्यावर त्याचा हिशेब बदलतो.

आधी आतला, म्हणजे मेन्यूतला फिल्टर पाहू. मोनोक्रोम मोड निवडला तरी सेन्सर रंगीतच राहतो. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी बारीक गाळणी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या रचनेत (पेटंट १९७६ चं) निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात, आणि आजही बहुतेक कॅमेरे हीच रचना वापरतात. कॅमेरा तिन्ही रंगांची पूर्ण नोंद घेतो आणि त्यातून करड्या रंगाची एक छटा ठरवतो. साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरव्याचं वजन सर्वांत जास्त धरतात, कारण आपल्या डोळ्यालाही तो जास्त उजळ भासतो. टीव्हीच्या जुन्या सूत्रात हे प्रमाण लाल ३०, हिरवा ५९, निळा ११ टक्के असं होतं. मेन्यूत लाल फिल्टर निवडला की लालचं वजन वाढतं आणि बाकी दोघांचं घटतं. शटर स्पीड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), फोकस यांतल्या कशालाही धक्का लागत नाही.

कॅननने २००५ च्या फाइव्ह डी कॅमेऱ्याबरोबर पिक्चर स्टाइल, म्हणजे फोटोच्या रूपाचे तयार पर्याय, आणले, त्यातल्या मोनोक्रोममध्ये पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे चार फिल्टर मिळतात. निकॉनच्या पिक्चर कंट्रोलमध्येही हेच चार आहेत. फुजीने २०१६ मध्ये एक्स-प्रो २ बरोबर अॅक्रॉस हा ब्लॅक अँड व्हाइट पर्याय दिला, त्यात नारिंगी नाही, पण आयएसओ वाढेल तसा त्याचा दाणा (फोटोतला खरखरीतपणा) बदलतो आणि तो मला फार आवडतो. निकॉनच्या झेड एफला तर २०२३ मध्ये वरच्या बाजूला ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळा खटकाच मिळाला.

आता काच. २५ नंबरची लाल काच लावली की साधारण तीन स्टॉप उजेड जातो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तलावपाळीवर एफ ८, आयएसओ २०० ला १/२५० मिळत असेल तर काच लावल्यावर तो १/३० वर येतो. हातात कॅमेरा धरून चालत्या माणसांचे फोटो काढायला एवढ्यावर भागत नाही. पिवळी काच एक स्टॉप खाते, नारिंगी आणि हिरवी साधारण दोन.

स्टॉप गेले तर आयएसओ वाढवता येतो. रंगीत सेन्सरची खरी अडचण वेगळी आहे. लाल काचेतून लाल उजेडच आत येतो, तेव्हा हिरवे आणि निळे पिक्सेल जवळपास उपाशी राहतात. २४ मेगापिक्सेलच्या बायर सेन्सरवर प्रत्यक्ष काम करतात ते सहाएक मेगापिक्सेल. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरमध्ये लाल पिक्सेल आणखी कमी, ३६ पैकी ८. त्यात रंगांचा तोल आपोआप साधणारा ऑटो व्हाइट बॅलन्स हा लाल रंग काढून टाकायला धडपडतो, आणि एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (फोटोत कुठली छटा किती हे दाखवणारा आलेख) अर्धा रिकामा दिसत असताना लाल चॅनेल पार उडून गेलेला असू शकतो. रंगीत कॅमेऱ्यावर काच लावायचीच असेल तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा.

आतल्या फिल्टरचीही एक उणी बाजू आहे. निळ्या आकाशात लाल उजेड मुळातच थोडा. आकाश गडद करताना कॅमेरा त्या थोड्या नोंदीवर सगळा भार टाकतो, म्हणून जेपेग मोठं करून पाहिलं की आकाशात दाणा आणि ठिपके दिसतात. कॉन्ट्रास्टही वाढवून ठेवला असेल तर ते जास्तच खुपतं. तरीही रंगीत कॅमेऱ्यासाठी माझं मत आतल्या फिल्टरच्याच बाजूने आहे, आणि त्याचं कारण रॉ, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीची फाइल. मेन्यूतला फिल्टर फक्त जेपेगवर बसतो. रॉमध्ये रंग शाबूत राहतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लालचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा करता येतो. काचेने अडवलेला उजेड मात्र रॉमध्येही नसतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते स्वागतयात्रेतच कळतं. नऊवारीतली बाई, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत लाल चंद्रकोर. गव्हाळ त्वचा लाल उजेड भरपूर परत फेकते, कुंकूही तेच करतं. लाल फिल्टरला या दोघांत फरकच सापडत नाही. त्वचा गुळगुळीत, फिकट होते, ओठांचा आकार पुसट होतो आणि चंद्रकोर जवळजवळ नाहीशी होते. सणाच्या दिवशी कुणा सवाष्णीच्या हाती कोऱ्या कपाळाचा फोटो ठेवायचा, हे मला पटत नाही. तोच चेहरा हिरव्या फिल्टरने घ्या: कुंकू काळंभोर उमटतं, त्वचेला खोली येते, सुरकुत्या आणि डागही दिसतात. वयस्क चेहऱ्यांना ते शोभतं, तरुण मुलींना बहुधा आवडत नाही. अशा वेळी पिवळा फिल्टर मधला मार्ग काढतो.

त्याच मिरवणुकीत लाल फिल्टरची खरी जागाही आहे. निळ्या आकाशावर भगवा झेंडा साध्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कधीकधी आकाशाच्याच करड्या छटेत मिसळून जातो. लाल फिल्टरने झेंडा उजळतो, आकाश खोल जातं आणि झेंड्याची प्रत्येक घडी दिसते. फक्त भगवे फेटे आणि पांढरे कुर्ते एकाच छटेचे होतात, तेवढं लक्षात असू द्या.

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन लाल फिल्टरने नाट्यमय ढग मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. करड्या ढगांना स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे कुठलाही फिल्टर त्यांना वेगळं काढू शकत नाही, मग तो आतला असो की काचेचा. वर हिरवी झाडी लालने काळी पडते. तिथे हिरवा फिल्टर लावा, पानांच्या छटा सुट्या होतात. लालसाठी ऑक्टोबरची वाट पाहा, आकाश निळं आणि ढग पांढरे असतात तेव्हाची.

ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीने जाणाऱ्यांनी काच घरीच ठेवावी. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० हवा, आयएसओ ४०० वर तो मिळत असेल तर लाल काचेने ३२०० लागतो. शिवाय लाल फिल्टर, मग तो कुठलाही असो, पंखांवरचा गुलाबी आणि किरमिजी भाग पांढरा करून टाकतो, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच जातं. आतल्या हिरव्या फिल्टरने पंखाची किनार गडद होऊन वेगळी दिसते.

मेन्यूत आणखी एक फसवी जागा आहे. फिल्टर इफेक्टच्या खालीच टोनिंग इफेक्ट असतो आणि कॅननमध्ये दोन्हीकडे हिरवा हा पर्याय आहे. फिल्टरमधला हिरवा छटांचं नातं बदलतो, पण फोटो करडाच राहतो. टोनिंगमधला हिरवा तयार झालेल्या फोटोवर हिरवट झाक चढवतो, कुंकवाला आणि झाडाला सारखीच.

हा फरक कळला की फक्त मोनोक्रोम सेन्सरचे कॅमेरेही कळतात. लायकाचा एम मोनोक्रोम २०१२ मध्ये आला, पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ मोनोक्रोम २०२३ मध्ये. त्यांच्या पिक्सेलवर रंगीत गाळण्याच नाहीत. त्यामुळे साधारण एक स्टॉप उजेड जास्त मिळतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःची छटा नोंदवतो आणि तपशील सुरेख येतो. पण रंगाची नोंदच नसल्याने मेन्यूत लाल किंवा हिरवा फिल्टर देणं शक्य नसतं, टोनिंग तेवढं देता येतं. इथे काच लावावीच लागते, आणि इथे ती सगळे पिक्सेल कामाला लावते. असा कॅमेरा घेणाऱ्याने पहिली काच पिवळी घ्यावी, दुसरी हिरवी. आपल्याकडे चेहऱ्यांचे फोटो जास्त निघतात, आणि काच लावून गेलेली चंद्रकोर या कॅमेऱ्याच्या रॉमधूनही परत आणता येत नाही. लाल काच तिसरी घेतली तरी चालेल. लेन्स वेगवेगळ्या मापांच्या असतील तर सर्वांत मोठ्या मापाच्या काचा घ्या, उदाहरणार्थ ७७ मिलिमीटरच्या, आणि लहान लेन्सवर त्या बसवण्यासाठी स्टेप-अप रिंगा.